न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञांची राज्य नोंदवही स्वतंत्र हवी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राज्य नोंदणीविषयी आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची पत्रे येत आहेत. प्रयोगशाळा तंत्रज्ञांची बाजू त्यांत आली, भौतिकोपचारतज्ज्ञांची आली, डायलिसिस विभागातील मंडळींचीही आली. आमच्या व्यवसायाचा उल्लेख मात्र एका पत्रात ‘एक्स-रे वगैरे विभागातील कर्मचारी’ एवढाच झाला. त्या ‘वगैरे’त मी बत्तीस वर्षे नोकरी केली आहे. नोंदणीचे नियम ठरताना हा ‘वगैरे’ तसाच कायम राहिला तर त्याचे परिणाम रुग्णाला भोगावे लागतील, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये किरण यंत्रातून निघतात आणि बटण बंद केले की थांबतात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये किरणोत्सारी औषध रुग्णाच्या शिरेतून किंवा तोंडावाटे दिले जाते, ते हाडात, हृदयाच्या स्नायूत, मूत्रपिंडात किंवा थायरॉइडमध्ये जाऊन बसते आणि रुग्णाच्या शरीरातून बाहेर पडणारे किरण गॅमा कॅमेरा किंवा पेट-सीटी टिपतो. येथे बंद करायला बटण नसते. दिलेली मात्रा परत काढून घेता येत नाही; ती आपल्या अर्धायुष्याच्या वेगाने क्षीण होईल तेवढीच. टेक्नेशियम-९९एम असेल तर दर सहा तासांनी निम्मी, आयोडीन-१३१ असेल तर दर आठ दिवसांनी निम्मी. ही मात्रा कुपीतून काढणे, मोजणे, योग्य रुग्णाला योग्य हातात टोचणे आणि त्यानंतरची प्रतिमा नीट घेणे, हे बहुतेक ठिकाणी तंत्रज्ञाचे काम असते. डॉक्टर चाचणी ठरवतात आणि अहवाल लिहितात. मधल्या तीन-चार तासांत रुग्णाचा संबंध येतो तो प्रामुख्याने आमच्याशी.

माझ्या उमेदवारीच्या काळातील सकाळ कशी असे ते सांगतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये शिकून मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या विभागात आजच्यासारखा डबाबंद जनरेटर, म्हणजे टेक्नेशियम काढून देणारे तयार उपकरण, नव्हते. ज्याच्या क्षयातून टेक्नेशियम तयार होते त्या मॉलिब्डेनम-९९चे द्रावण शिशाच्या भांड्यातून येई आणि मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकाने त्यातील टेक्नेशियम आम्ही हाताने वेगळे काढत असू. काचेच्या नळकांड्यात दोन थर वेगळे होईपर्यंत थांबायचे, वरचा थर तेवढा अलगद खेचून घ्यायचा, ॲल्युमिनाच्या स्तंभातून गाळायचा, द्रावक उडवून द्यायचा आणि उरलेले टेक्नेशियम सलाईनमध्ये घ्यायचे. हात शिशाच्या विटांच्या पलीकडे, डोळे लेड ग्लासच्या अलीकडे आणि नाकात त्या द्रावकाचा उग्र वास. मग डोस कॅलिब्रेटर या मात्रा मोजणाऱ्या यंत्रात एक तपासणी: कुपी शिशाच्या जाड डबीत ठेवली की टेक्नेशियमचे किरण अडतात आणि मॉलिब्डेनमचे त्याहून जोरकस किरण बाहेर येतात, त्यावरून किती मॉलिब्डेनम चुकून आपल्या औषधात उतरले आहे ते कळते. रुग्णाला देते वेळी एका मिलिक्युरी (किरणोत्सारितेचे एकक; त्याचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोक्युरी) टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा अधिक मॉलिब्डेनम असता कामा नये. जनरेटर आला, पद्धत सोपी झाली, पण ही तपासणी सुटली नाही. ती केली नाही तरी स्कॅन होतो, रुग्ण घरी जातो आणि कोणालाही काही कळत नाही. म्हणूनच ती करणारा माणूस कोण आहे, याला महत्त्व आहे.

आता परवान्यांकडे येतो. १९६२चा अणुऊर्जा कायदा, त्याखालील २००४चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आणि १९८३मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ या व्यवस्थेत न्यूक्लिअर मेडिसिन केंद्राची तपासणी बारकाईने होते, याबद्दल माझी तक्रार नाही. खोल्यांचा आराखडा मंडळाकडून संमत करून घ्यावा लागतो, किरणोत्सारी पदार्थ मागवायला मंडळाची अनुमती लागते, आयोडीनच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्या रुग्णांच्या मलमूत्रासाठी साठवण टाक्या लागतात, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो. केंद्रात पात्र तंत्रज्ञ असलाच पाहिजे, असेही मंडळाचे नियम सांगतात. परंतु ही सारी मान्यता संस्थेच्या नावे असते. सेफ्टी ऑफिसरची मान्यतासुद्धा त्या विशिष्ट संस्थेपुरतीच. माणसाने नोकरी बदलली की नव्या संस्थेने पुन्हा अर्ज करायचा. तंत्रज्ञाला व्यक्ती म्हणून, त्याच्या स्वतःच्या नावाने आणि क्रमांकाने, व्यवसाय करण्याचा अधिकार देणारा आणि चूक केल्यास तो काढून घेणारा कागद या व्यवस्थेत नाही, आणि तो देणे हे मंडळाचे कामही नाही.

याचे मूळ आपल्या राज्यघटनेतील विषयवाटपात आहे. अणुऊर्जा हा केंद्र सूचीतील विषय, सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्य सूचीत, तर वैद्यकीय व इतर व्यवसाय समवर्ती सूचीत. त्यामुळे कुपीतल्या आयसोटोपचा हिशेब केंद्राने ठेवला, रुग्णालयाचा राज्याने ठेवला, डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्या परिषदा झाल्या, आणि ती कुपी उघडणारा तंत्रज्ञ कोणाच्याच वहीत चढला नाही. गल्लीतल्या औषधाच्या दुकानातसुद्धा फार्मासिस्टचे नाव आणि नोंदणी क्रमांक लावलेला असतो. आमच्या हॉट लॅबच्या, म्हणजे किरणोत्सारी औषधे तयार करण्याच्या खोलीच्या, दारावर तीन पाकळ्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह असते. आत कोण आहे याची पाटी नसते.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आम्ही छातीवर शरीराला मिळालेले किरण नोंदवणारा जो टीएलडी बॅज लावतो, तो ठरावीक काळाने मोजणीसाठी जातो आणि त्यावरची नोंद राष्ट्रीय पातळीवरील नोंदवहीत होते. प्रत्येक किरणोत्सर्ग कर्मचाऱ्याला त्यासाठी एक वैयक्तिक क्रमांक मिळतो आणि नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांचे एकक) ही मर्यादा मी ओलांडली का, हे माझ्या देशाला नेमके माहीत आहे. माझ्या शरीराने किती किरण घेतले याची वही आहे आणि ती उत्तम ठेवलेली आहे. मी इतरांच्या शरीरात ते घालायला लायक आहे का, याची वही नव्हती. नोकरीच्या अर्जात ‘परिषद नोंदणी क्रमांक’ या रकान्यापुढे मी निवृत्त होईपर्यंत ‘लागू नाही’ असेच लिहीत आलो.

ही उणीव भरून काढण्यासाठी संसदेने २०२१मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा केला. त्याच्या अनुसूचीत वैद्यकीय किरणशास्त्र, प्रतिमांकन आणि उपचार तंत्रज्ञान या गटाखाली ‘न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट’ हे नाव स्वतंत्रपणे छापलेले आहे. रेडिओलॉजी तंत्रज्ञ वेगळा, रेडिओथेरपी तंत्रज्ञ वेगळा, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ वेगळा. राजपत्रात आपल्या व्यवसायाचे नाव पाहून आमच्यातल्या अनेकांना जो आनंद झाला तो बाहेरच्याला थोडा बालिश वाटेल, पण तो खरा होता. या कायद्यानुसार राज्याने परिषद स्थापायची, तिच्याखाली नीतिमत्ता व नोंदणीसह चार स्वायत्त मंडळे नेमायची आणि राज्य नोंदवही ठेवायची आहे. अंमलबजावणी इतकी रखडली की ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. माझ्या हाताखाली शिकलेले पाच-सहा जण आज मुंबई, नाशिक आणि नागपूर येथे काम करतात. हे पत्र लिहिण्यापूर्वी मी त्यांना दूरध्वनी केला, तेव्हा त्यांच्यापैकी एकाच्याही हाती या कायद्याखालील नोंदणीचे प्रमाणपत्र नव्हते. एकाने तर विचारले, “सर, फॉर्म कुठला भरायचा? रेडिओग्राफरचा?”

हा प्रश्न मला सर्वांत जास्त खटकला, आणि तो का खटकला हे एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. निवृत्तीनंतर ओळखीतल्या एक बाई त्यांचे पेट-सीटीचे अहवाल आणि चित्रे घेऊन माझ्याकडे आल्या. उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली, वर्षभरानंतरची तपासणी, आणि अहवालात उजव्या काखेतील एका गाठीत औषधाचे शोषण झाल्याची नोंद. घरात रडारड झाली होती. मी चित्रांची सीडी लावून पाहिली, तर उजव्या कोपराच्या खोबणीत एक ठळक डाग दिसत होता. बाईंना विचारले, इंजेक्शन कोणत्या हाताला दिले? उजव्या. टोचताना आग झाली होती का? झाली होती, हात सुजलाही होता. औषध शिरेत न जाता आसपासच्या मांसात पाझरले की तेथून लसिकावाहिन्यांतून त्याच बाजूच्या काखेतल्या गाठीत पोहोचते आणि ती गाठ चित्रात रोग असल्यासारखी उजळते. म्हणूनच ज्या बाजूला स्तनाचा रोग, त्या बाजूच्या हाताला इंजेक्शन द्यायचे नाही, हे आमच्याकडे पहिल्या महिन्यात शिकवतात. आणि पाझरलेच तर कोणत्या हातात, किती, हे कागदावर लिहून अहवाल देणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवायचे, हेही शिकवतात. येथे दोन्ही झाले नव्हते. अहवाल देणाऱ्या डॉक्टरांना ही माहिती मिळालीच नसेल तर त्यांना तरी दोष कसा द्यायचा? पुढे सुईने नमुना काढून तपासला, त्यात काही निघाले नाही. त्या केंद्रात चौकशी केली तेव्हा कळले की इंजेक्शन देणारा मुलगा सीटी विभागातून आला होता आणि ‘बघून बघून’ तयार झाला होता. केंद्राचे सगळे परवाने भिंतीवर चौकटीत होते आणि, माझ्या माहितीप्रमाणे, ते सगळे खरे होते.

त्या मुलाला मी दोष देत नाही. सीटी चालवण्यात तो माझ्यापेक्षा तरबेज असेल. परंतु त्याची आणि माझी नोंद एकाच रकान्यात झाली तर असे मुलगे इकडून तिकडे फिरवायला व्यवस्थापनांना कायद्याचीच सोय होईल. गर्भवती आहात का, बाळाला अंगावर पाजता का, हे आयोडीन देण्यापूर्वी विचारणे. मुलाची मात्रा वजनावरून काढणे. एफडीजी (पेट-सीटीसाठी द्यायचे, फ्लोरिन-१८ जोडलेले साखरेसारखे औषध) टोचल्यावर रुग्णाला तासभर शांत पडून राहायला लावणे, कारण तो मोबाइलवर बोलत बसला तर घशाचे स्नायू उजळतात. ही कौशल्ये क्ष-किरणांच्या अभ्यासक्रमात येत नाहीत, आणि येण्याचे कारणही नाही.

उलट बाजूही मांडायला हवी. पेट-सीटी शरीरातल्या औषधाचे चित्र आणि सीटी स्कॅन दोन्ही घेते, म्हणून ते दोन व्यवसायांच्या सीमेवर उभे असलेले यंत्र आहे. अमेरिकेत हा पेच आपल्या आधी उभा राहिला. तेथील अणुनियामक आयोगाचे नियम किरणोत्सारी औषध वापरणारे डॉक्टर, सेफ्टी ऑफिसर, भौतिकशास्त्रज्ञ आणि न्यूक्लिअर फार्मासिस्ट यांच्या पात्रता ठरवतात. तंत्रज्ञ मात्र त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतो असे मानून त्याची परवानगी राज्यांवर सोडलेली आहे. १९८१मध्ये तेथील काँग्रेसने किरणोत्सर्गाशी संबंधित तंत्रज्ञांसाठी किमान मानकांचा कायदा केला, पण तो पाळायचा की नाही हे राज्यांच्या मर्जीवर ठेवले. परिणामी कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, न्यू जर्सी अशा राज्यांत न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञाला राज्याचे प्रमाणपत्र किंवा परवाना लागतो, तर काही राज्यांत तशी सक्ती नाही आणि पात्रतेचा निर्णय रुग्णालयच करते. पेट-सीटी आल्यावर काही ठिकाणी असे झाले की औषध टोचणाऱ्याला सीटी चालवता येईना आणि सीटी चालवणाऱ्याला औषध टोचता येईना. एका यंत्रामागे दोन माणसे उभी करण्याची वेळ आली. त्यातून वाट निघाली ती परीक्षांची: न्यूक्लिअर मेडिसिनच्या तंत्रज्ञांना सीटीची जादा परीक्षा देण्याची सोय तेथील प्रमाणन मंडळांनी केली आणि राज्ये ती ग्राह्य धरू लागली. त्यांच्यातल्या एका मंडळाची स्थापना १९७७ची आहे. म्हणजे परीक्षा व्यवसायाने आधी उभी केली आणि अनेक राज्यांनी तिच्यावर शिक्का नंतर मारला. आपल्याकडे कायदा आधी आला आहे. तेव्हा तोच गोंधळ दहा वर्षे घालून मग शहाणे होण्याची गरज नाही. मूळ नोंद व्यवसायानुसार स्वतंत्र ठेवावी आणि सीटीचे प्रशिक्षण व परीक्षा पूर्ण केलेल्यांच्या नावापुढे तशी जादा नोंद करावी, एवढे नियमांत लिहिले की काम भागते.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. नोंदणी सक्तीची केली तर नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथील केंद्रांना माणसे मिळणार नाहीत, असे म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. एफडीजीतल्या फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. मुंबईच्या सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे ते तयार करणाऱ्या यंत्रातून, निघालेली कुपी घाटातल्या वाहतुकीत अडकून चार तासांनी नाशिकला पोहोचली तर तिच्यातली एक चतुर्थांशाहूनही कमी किरणोत्सारिता शिल्लक असते. अशा वेळी यादीतल्या रुग्णांचा क्रम त्याच मिनिटाला बदलावा लागतो, कोणाला आज घ्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे हे ठरवावे लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी अडचणी अधिक, हाताशी विचारायला ज्येष्ठ माणूस नाही, म्हणून तेथे कमी शिकलेला चालेल, हा युक्तिवाद मला उलटा वाटतो. तुटवडा असेल तर प्रशिक्षणाच्या जागा वाढवाव्यात. जनरेटर आणि आयोडीन पुरवणारी ब्रिट ही अणुऊर्जा विभागाची संस्था वाशीला, नियामक मंडळाचे मुख्यालय अणुशक्तीनगरला, रेडिएशन मेडिसिन सेंटर आणि टाटा रुग्णालय परळला; देशातला पहिला पेट स्कॅनर आणि वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२मध्ये सुरू झाले तेही परळलाच. ज्या राज्यात हे सारे एका लोकलच्या अंतरावर आहे, त्या राज्याने माणसे मिळत नाहीत ही सबब सांगणे शोभत नाही.

नोंदणी म्हणजे नुसती फी गोळा करण्याची आणखी एक खिडकी होईल, ही भीती मला स्वतःलाही आहे. ती टाळायची असेल तर काही गोष्टी नियमांतच याव्यात. नोंदवही कोणत्याही नागरिकाला संकेतस्थळावर नाव घालून पाहता यावी. नूतनीकरणाच्या वेळी केवळ पैसे भरल्याची पावती पुरेशी मानू नये. नव्या उपचारांचे, विशेषतः ल्युटेशियम-१७७सारख्या द्रव्यांनी होणाऱ्या कर्करोग उपचारांचे प्रशिक्षण घेतल्याचा पुरावा मागावा, कारण माझ्या विद्यार्थीदशेत या उपचारांचे नावही वर्गात कानावर पडले नव्हते. नियामक मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन परवाना प्रणालीत केंद्रे आपल्या कर्मचाऱ्यांची माहिती भरतातच. तेथे राज्याचा नोंदणी क्रमांक भरणे बंधनकारक केले तर केंद्र आणि राज्य यांच्या दोन वह्या एकमेकींना जोडल्या जातील आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर न्यूक्लिअर मेडिसिन केंद्र चालू ठेवण्याचे प्रकार तिथल्या तिथे उघड होतील. परदेशी जाणाऱ्या मुलामुलींनाही याचा उपयोग आहे. आखाती देशांत नोकरीसाठी मूळ ठिकाणच्या नोंदणी परिषदेचे ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र, म्हणजे नोंदणी चालू असून तक्रार नसल्याचा दाखला, मागितले जाते. परिषदच नसेल तर ते द्यायचे कोणी? माझ्या एका विद्यार्थिनीने त्याऐवजी तीन विभागप्रमुखांची पत्रे जोडली होती.

शेवटचा मुद्दा जुन्या माणसांचा. २०२१च्या कायद्यात व्याख्या तासांवर बेतलेल्या आहेत: संलग्न व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २००० तास, आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तास. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी विज्ञानाची पदवी घेऊन त्यावर किरणोत्सारी समस्थानिक तंत्राची पदविका केली. या हिशेबात ती पदविका कोठे बसवायची, हे अर्ज तपासणाऱ्या लिपिकावर सोडू नये. राज्य परिषदेने तसे स्पष्ट परिपत्रक काढावे. ज्यांनी औपचारिक शिक्षण न घेता वीस-वीस वर्षे इमाने काम केले आहे, त्यांना घरी बसवण्याच्या मी विरुद्ध आहे, पण त्यांची एकदा प्रात्यक्षिक परीक्षा जरूर घ्यावी. त्यांनी कोणत्या दिवशी किती मात्रा मोजली, कोणाला दिली आणि मॉलिब्डेनमची तपासणी केली की नाही, हे विभागाच्या लांबट नोंदवह्यांत त्यांच्याच अक्षरात लिहिलेले असते. अशा वह्या अनेक रुग्णालयांतल्या कपाटांत अजून शाबूत आहेत. नव्या संगणकप्रणाली आल्यापासून ती कपाटे रिकामी करण्याचे काम जोरात चालू आहे, तेव्हा अर्ज मागवायचे ते त्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी मागवावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञ,
डोंबिवली (पूर्व)